दुसऱ्यांच्या नावाची ताटं

आमचे मामेसासरे जन्मभर दुसऱ्यांच्या ताटात जेवले. हे मी त्यांना हिणवायला म्हणत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातली फळी ज्याने एकदा पाहिली असेल त्याला माझं म्हणणं पटेल. त्या काळी स्टीलच्या भांड्यांवर नाव टाकून घ्यायची पद्धत होती. भांड्यांच्या दुकानाबाहेर एक माणूस छोटं यंत्र घेऊन बसायचा, ते टर्रर्र वाजायचं आणि ताटाच्या मधोमध ठिपक्याठिपक्यांनी घरच्या बाईचं नाव उमटायचं. मामींनीही आपल्या एकेका ताटावर, वाटीवर हौसेने नाव टाकून घेतलं होतं म्हणतात. 'म्हणतात' असं लिहितो, कारण मामींच्या नावाचं भांडं त्यांच्या फळीवर माझ्या नजरेस कधी पडलं नाही. सिंदी मेघेतल्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात फळीवर ओळीने उभी असायची ती ताटं कोणा शेवंताबाईची, कोणा पाटलांच्या थोरल्या सुनेची, नाहीतर 'चि. कमल हिस मावशीकडून सप्रेम भेट' अशी. मामींची भांडी जिल्हाभर पांगलेली होती आणि जिल्ह्याची भांडी मामी रोज घासत होत्या.

माझी बायको लहानपणीच पोरकी झाली आणि मामांकडे वाढली. तेव्हा सासुरवाडी म्हणायची ती मला एवढीच. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे जेवायला बसलो तो प्रसंग मी विसरणार नाही. भात थोडा बाजूला सारला तसं ताटात 'कै.' दिसलं. वरण ओढलं तेव्हा 'यशोदाबाई' बाहेर आल्या. भाजी संपेपर्यंत 'यांच्या स्मरणार्थ' हेही उघड झालं. नवा जावई म्हणून मी आधी उरलेल्या भाताने नाव पुन्हा झाकून पाहिलं. शेवटी विचारलं, "मामा, ह्या यशोदाबाई कोण?"

"अजी जवाईबापू, लई भली बाई होती," मामा म्हणाले. "सेलूच्या अलीकडं वावर हाये त्याईचं, भाजीपाल्याचं. गनपतरावची बायको. वांग्याची भाजी अशी करे का इचारू नोका. जेवा तुमी. तिच्या ताटात कोनी पोटभर जेवलं का तिले बरंच वाटन."

मामा हिवतापाच्या खात्यात होते. खाकी पँट, सायकल, कॅरिअरला पत्र्याची पेटी. पेटीत सुया, काचेच्या पट्ट्या आणि कडू गोळ्या. गावोगाव घरोघर जायचं, कोणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि भिंतीवर तारीख टाकून पुढचं घर गाठायचं, इतकं साधं काम. पण मामा पुढचं घर गाठत नसत. ज्याच्या बोटातून एकदा रक्त काढलं तो रक्ताचा नातेवाईक, अशी त्यांनी स्वतःपुरती समजूत करून घेतली होती. ताप नसलेल्या घरीही ते बसत, कारण ताप नाही ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती दोघांनी मिळून साजरी केली पाहिजे. माणसांची चौकशी झाली की बैलांची, मग लेक नांदते त्या गावची, तिच्या सासूच्या गुडघ्यांची. त्यांच्याबरोबर अर्ध्या तासाच्या कामाला निघालेला माणूस संध्याकाळी परत आला तर तो लवकर आला म्हणायचं.

आमच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. बापाच्या जागी तेच असल्यामुळे नवरीला घेऊन चर्चमध्ये यायचं काम त्यांच्याकडे होतं. घरापासून चर्च तसं चालत जाण्यासारखं. मी वेदीपुढे नवा कोट घालून उभा, पाळकसाहेब उभे, मंडळी बसलेली, आणि पेटीवाला तेच गीत पुन्हा पुन्हा वाजवून घामाघूम झालेला. कोणीतरी मागून म्हणालं देखील, की नवरी पळून गेली असेल तर जेवणं उरकून घेऊ. नवरी पळाली नव्हती. मामा तिला रस्त्यावरच्या घराघरांत नेऊन दाखवत होते. जी म्हातारी माणसं चर्चपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांनी पोरीला कधी पाहायचं, असा त्यांचा सवाल होता. ती शेवटी आली तेव्हा पांढऱ्या साडीवर एका आजीने लावलेलं कुंकवाचं बोट होतं आणि फुलांच्या गुच्छाबरोबर पदरात ओटीचे तीन नारळ. पाळकसाहेबांनी नारळांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि विधी सुरू केला. लग्न लागेपर्यंत नारळ मीच सांभाळले.

ताटांचं प्रकरण मुख्यतः नाताळात वाढायचं. मामी करंज्या, शेव, चिवडा, अनारसे करायच्या, ताटं भरायच्या, वर विणलेला रुमाल घालायच्या, आणि मामा ती ताटं टोपलीत घालून सायकलवरून निघायचे. एकेक दिशा, एकेक गाव. सेलूकडचे भाजीवाले झाले की समुद्रपूरची बस धरून गिरडपर्यंत जायचे. तिथे दर्ग्याच्या टेकडीखाली फुलं आणि चादरी विकणारे एक म्हातारे चाचा होते, त्यांचा एकदा ताप तपासल्यापासून दोघांचं मेतकूट. ईस्टर आला तरी मामांचा नाताळ संपत नसे. आणि ताट पोचवलं की ते रिकामं होईपर्यंत कधी थांबायचे नाहीत. "राहू द्या ताट, घाई नाई," म्हणायचे, "त्या निमित्तानं येतो पुन्हा." दिवाळीला, पोळ्याला तिकडून पुरणपोळी यायची ती तिकडच्या ताटात. ते ताटही मामा लगेच परत करू देत नसत. त्यांचं म्हणणं, ताट लगेच वापस केलं की व्यवहार मिटल्यासारखं दिसतं.

कधीकाळी एखादं ताट परत गेलंच तर ते भरून जायचं. हा मात्र मामींचा नियम होता आणि त्या भागात सगळ्यांचाच होता. घरात काहीच नसलं तर गुळाचा खडा, चिमूटभर साखर, अगदीच नाही तर दारातल्या डब्यात लावलेल्या कढीपत्त्याची डहाळी. रिकामं ताट म्हणून कोणाच्या दारात जायचं नाही.

मामांची प्रार्थना हा वेगळाच अध्याय आहे. जेवण्यापूर्वी देवाचे आभार मानायचे ही आम्हा ख्रिस्ती लोकांची रीत. बहुतेक घरांत ती वरणाची वाफ जाण्याआधी संपते. मामा डोळे मिटायचे आणि देवाला आपल्या गावांतून फिरवून आणायचे. गणपतरावांच्या वांग्यांवर पडलेली कीड, शेवंताबाईच्या मुलाची दहावी, चाचांचा दमा, एसटीच्या कंडक्टरची मोडलेली सोयरीक, सगळं देवाच्या कानावर घालायचे. स्वतःसाठी मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. "आमचं बरं हाये प्रभू, आमच्याकडं पाहू नको" एवढं शेवटी म्हणायचे. पण त्या शेवटापर्यंत पोचायची वेळ क्वचित यायची, कारण पोळ्या गार होतात हे पाहून मामी मध्येच मोठ्याने "आमेन" म्हणायच्या. इतक्या ठासून, की देवालासुद्धा प्रार्थना संपल्यासारखं वाटावं. मामा एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहायचे आणि निमूट जेवायला लागायचे.

मी मनाने मामींच्या बाजूचा होतो. आजही बराचसा आहे. मामांना एकदा बढती आली होती. सुपरवायझर, पगार वाढणार, सरकारी क्वार्टर, घरात नळ. फक्त चांद्याला जावं लागणार होतं. मामांनी ती नाकारली. साहेबांनी बोलावून विचारलं, काय अडचण आहे? मामा म्हणाले, "अडचन काईच नाई साहेब. इथं मले मानसं लागली." साहेबांना वाटलं हा काही आजार असावा. पुढे मामांच्या हाताखाली सुया पुसायला शिकलेली पोरं त्यांचे साहेब झाली, आणि मामा त्यांना उभं राहून सलाम करायचे तेही आनंदाने. मामींचा मात्र नळ गेला. त्या आयुष्यभर गल्लीच्या टोकावरून पाणी भरत राहिल्या आणि त्या पाण्याने लोकांची ताटं घासत राहिल्या. एकदा मला म्हणाल्या, "जवाईबापू, तुमच्या मामाले देवानं सबूरी देली, अन् त्या सबूरीची वझी उचलाले मले देलं." हे त्या भांडणाच्या सुरात बोलल्या नव्हत्या. भांडायलाही अंगात थोडी शक्ती लागते, ती संध्याकाळपर्यंत त्यांच्यात उरत नसे.

मी स्वतः एकही बढती सोडली नाही. गोंदिया, बुलढाणा, यवतमाळ, नागपूर. आमची एक लाकडी पेटी तर इतक्या बदल्यांत कधी उघडलीच नाही. त्यात काय आहे हे आम्ही दोघंही विसरून गेलो होतो. प्रत्येक बढतीचे पेढे घेऊन मी सिंदी मेघेला जायचो. मामा पेढा कपाळाला लावून खायचे, खरोखर आनंदायचे, आणि मग एकच प्रश्न विचारायचे: "शेजारी कोन राह्यते तुमच्या?" मी आठवायला लागायचो. एका गावी एक जाड चष्म्याचे गृहस्थ राहत, दुसऱ्या गावी कोणीतरी पहाटे फार खोकत असे. नावं मला कधी सांगता आली नाहीत. मामा विषय बदलायचे.

मामा निवृत्त झाले तरी सायकल निवृत्त झाली नाही. सुई आणि पेटी सरकारकडे जमा केली, बाकी फेऱ्या चालूच. आणि मग एका हिवाळ्यात, नाताळाच्या महिनाभर आधी, रेल्वे फाटकापाशी सायकल घसरली आणि मामांच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण सायकल विसरा. समोरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून त्यांची खाट टाकली.

चर्चच्या मंडळीतले लोक आले. पाळकसाहेब आले, शेजारीपाजारी आले, सगळ्यांनी रीतीप्रमाणे केलं. पण मामांचे डोळे दारातून जाऊन गल्लीच्या टोकाला लागलेले असायचे. सेलूकडून कोणी येत नव्हतं. गिरडहून कोणी येत नव्हतं. पहिले काही दिवस मामा स्वतःच समजूत घालत: "कपाशीची वेचनी चालू हाये. हात मोकये नसतीन त्याईचे." मामी म्हणाल्या, निरोप धाडू का? मामांनी मान हलवली. "बलावून येते तो पाहुना. मले पाहुने नाई पायजे."

खरी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. कोण आजारी, कोणाकडे पाळणा हलला, कोण गेलं, या बातम्या त्या गावांना मामाच पोचवायचे. बातम्या पोचवणाराच पडला, तर तो पडल्याची बातमी पोचवायला कोणी उरलं नव्हतं. तिकडे लोक समजून होते की मामा भाचीकडे नागपूरला गेले असतील. आणि इकडे मामा एकेका दिवसाने मिटत चालले होते. त्यांची प्रार्थना लहान झाली. दोन वाक्यं आणि आमेन. पोळ्या गरमच राहू लागल्या, आणि मामी त्या गरम पोळ्या तशाच डब्यात झाकून ठेवू लागल्या.

मी आठ दिवसांची रजा काढून गेलो होतो. एका दुपारी मामांच्या पायाशी बसलो असताना ते छताकडे पाहत म्हणाले, "जवाईबापू, मी चांद्याले गेलो असतो तं बरं झालं असतं का?"

बढतीपायी तेवढी सगळी गावं फिरून आलेला मीच त्यांच्यासमोर बसलो होतो. मी पांघरूण नीट केलं आणि चहा आणायला उठलो. जन्मभर ज्या माणसाला कशाची कमी वाटली नव्हती त्याला आता आपलं सगळं आयुष्य खोटं वाटायला लागलं होतं, आणि हे बघवत नव्हतं.

मामींनी दुसऱ्याच दिवशी फळीवरची ताटं खाली काढली. "यंदा मी नातायाचं काई करत नाई," त्या म्हणाल्या. "माह्यानं होत नाई आता. अन् दुसऱ्याइची भांडी घासनंही होत नाई. ज्याचं त्याले देऊन या बाप्पा, एकदाचं मोकयं होऊ." त्यांनी ती चिंचेने लख्ख घासली, कोरडी केली आणि पोत्यात भरून माझ्या हवाली केली. खाटेवरून मामा भांड्यांचा आवाज ऐकत होते. मी पोतं उचललं तेव्हा म्हणाले, "यशोदाबाईचं राहू द्या." ते एक ताट मी परत फळीवर ठेवलं.

मी आधी गिरडला गेलो. टेकडीखाली चाचा दुकानाच्या फळीवर बसले होते. मी त्यांचं उर्दूत नाव कोरलेलं तबक पुढे केलं आणि सांगितलं, सिंदी मेघेहून आणलंय. चाचांनी तबकात पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, तबक कपाळाला लावलं आणि खाली मान घालून बसून राहिले. ना विचारपूस, ना चहा. दुसऱ्या दिवशी सेलूकडच्या गावांत तेच. बाया दारात यायच्या, ताट हातात घ्यायच्या, आत बघायच्या, तोंडाला पदर लावून आत निघून जायच्या. गणपतरावांच्या घरचं दुसरं एक ताट होतं ते सुनेने घेतलं, मग गणपतराव स्वतः बाहेर आले आणि ओसरीच्या खांबाला हात टेकून उभे राहिले. "बसा" म्हणाले नाहीत. "बरं," म्हणाले, "नीट जाजो." मामांच्या नावावर चहा न पाजणारी घरं या जिल्ह्यात होती हे मला नवीनच होतं. पण खरं सांगायचं तर पाय दुखत होते, पोतं खांद्यात रुतत होतं, आणि बोलावं लागलं नाही याचं मला बरंच वाटलं.

घरी आलो. मामींनी विचारलं, काय म्हणाले लोक? मी जे झालं ते सांगितलं. कोणी काही म्हटलं नाही, कोणी काही विचारलं नाही, बसा म्हटलं नाही. मामी लुगड्याच्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मामा सगळं ऐकत होते. "बरं," एवढंच म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पाणी भरायला गेल्या होत्या. गल्लीच्या टोकाशी एक बैलबंडी येऊन उभी राहिली, तिच्या मागे दुसरी. गडीमाणसं खांद्यावर दुपट्टे टाकून खाली उतरली, बाया डोक्यावरून पदर घेऊन. त्यांच्यातल्या चौघीपाचजणींनी मामींना नळावरच गाठलं, गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने रडायला सुरुवात केली. कोण गेलं हे मामींना माहीत नव्हतं. पण आपल्या ओळखीच्या बाया रडताहेत म्हणजे त्यांच्या घरचं कोणीतरी गेलं असणार आणि त्या आपल्याकडे मन मोकळं करायला आल्या असणार, असं समजून त्याही रडू लागल्या. असा तो घोळका एकमेकींना सावरत आमच्या दारापर्यंत आला. मी दात घासत होतो, तसाच उभा राहिलो.

आतून मामांचा आवाज आला. "अवो, कोन गेलं?"

रडणं एकदम थांबलं. गणपतरावांनी चौकटीतून आत डोकं घातलं. खाटेवर मामा कोपरावर उठून दाराकडे पाहत होते.

"मामा," गणपतराव म्हणाले, "तुमीच गेलते ना?"

"मी कुठं जातो बाप्पा," मामा म्हणाले, "पाय मोडला माहा."

गणपतराव तिथेच उंबरठ्यावर बसले. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे जवाई येते, नातायाच्या तोंडावर, तुमच्या घरून रिकामं ताट घेऊन. गूय नाई, साखर नाई, कढीपत्ताही नाई. रिकामं ताट कवा येते घरून? घरात मयत झाली, चूल पेटली नाई, तवाच येते ना? अन् असा निरोप घेऊन आलेल्या मानसाले कोनी चहा पाजते का?" सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात अजून ब्रश होता.

ज्या घरी मरण होतं तिथे आपण चूल पेटवू देत नाही, शेजारपाजारचे लोक पिठलं-भाकर नेऊन देतात. कडू घास म्हणतात त्याला. ती सगळी माणसं कडू घास घेऊन आली होती. फडकी सोडली तसं एकेक ताट बाहेर आलं, पिठल्याचं, भाकरीचं, मिरचीच्या ठेच्याचं. मामी एकेका ताटाजवळ वाकून पाहायला लागल्या. मग त्यांनी बोटाने एका ताटातलं पिठलं जरा बाजूला सारलं. "हे माहं ताट हाये," त्या म्हणाल्या. दुसरं पाहिलं. "हेही माहंच." कुठल्या कुठल्या नाताळात गेलेली ती ताटं होती. आपलं नाव इतक्या वर्षांनी इतक्यांदा वाचताना त्यांचं तोंड कसं झालं होतं ते मला लिहिता येणार नाही. आता त्या खऱ्याच रडत होत्या, आणि या वेळी कशासाठी ते त्यांना माहीत होतं.

दहाच्या सुमाराला गिरडचे चाचा धापा टाकत पोचले. पहाटेच्या बसने निघाले होते. काखेत कागदात गुंडाळलेली हिरवी चादर. मामांना खाटेवर बसून भाकर कुस्करताना पाहून ते दारातच थबकले. मग आत आले, कागद काढला, चादर झटकली आणि मामांच्या अंगावर घातली. "कबर पे डालने को लाया था, मामू," ते म्हणाले. "अब ओढ लो. ठंड बहोत है." तो सबंध हिवाळा मामांनी ती जरीकाठाची चादर पांघरून काढला. पाळकसाहेब भेटायला आले की तिच्याकडे पाहायचे, आणि प्रार्थना सुरू करायचे.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. सगळी माणसं दाटीवाटीने खोलीत, ओसरीवर, गल्लीत बसली. आपल्यासाठीच आणलेला कडू घास मामा स्वतः खाणार होते, तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे आधी डोळे मिटले. गणपतरावांची वांगी आली, शेवंताबाईच्या मुलाची नोकरी आली, चाचांचा दमा आला, दोन्ही बंड्यांचे चारही बैल आले. पिठल्यावर साय धरली. लोक डोळे मिटून बसले होते, एकदोघांची पोरं भाकरीकडे पाहत होती. मी डोळे किलकिले करून मामींकडे पाहिलं. आता आमेन येणार. मामी हात जोडून, मान खाली घालून बसल्या होत्या आणि त्यांनी आमेन म्हटलं नाही. मामा पार शेवटापर्यंत गेले. "आमचं बरं हाये प्रभू," ते म्हणाले, आणि थांबले, आणि मग पुन्हा म्हणाले, "आमचं लई बरं हाये." मग त्यांचं त्यांनीच आमेन म्हटलं.

त्यानंतर मामा आणखी काही वर्षं जगले. सायकल भिंतीला टेकून राहिली. आता तिकडची माणसं इकडे येत. ते खरंच गेले तेव्हा तीच माणसं त्याच ताटांत पिठलं घेऊन आली, आणि या वेळी त्यांना बातमी नीट मिळालेली होती. मी मामींना आमच्याकडे नागपूरला चला म्हणालो. तिथे नळ आहे, म्हणालो, चोवीस तास नसलं तरी सकाळ-संध्याकाळ पाणी येतं. मामी हसल्या. "नाई जवाईबापू," म्हणाल्या. "इथं मले मानसं लागली."

आता मीही निवृत्त आहे. दुसऱ्या मजल्यावर राहतो, जिना चढताना मध्ये एकदा थांबतो. ती लाकडी पेटी शेवटी उघडली. तिच्यात जुने पडदे निघाले. गेल्या नाताळात बायकोने करंज्या केल्या आणि फळीवरची आमची ताटं खाली काढली. सगळी होती. लग्नात मिळालेली, नंतर घेतलेली, सगळी जागच्या जागी, सगळ्यांवर तिचंच नाव. एकही कमी झालेलं नव्हतं. त्यांच्यात फक्त यशोदाबाईंचं ताट परकं, ते मामींनी तिला दिलेलं. बायको ताटांकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "पण द्यायचं कोणाकडे?" करंज्यांचं तूप परातीत उतरायला लागलं.

मग मीच एक ताट भरलं, त्यावर रुमाल घातला आणि दार उघडून समोरच्या दारापाशी गेलो. चार वर्षं रोज ज्या दारासमोरून जात होतो त्याच्यावरची पाटी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. घंटी वाजवली. माझ्याच वयाच्या एका बाईंनी दार उघडलं. मी म्हणालो, आमचा नाताळ आहे. त्या गडबडल्या, ताट हातात घेतलं, "थांबा हं, पटकन रिकामं करून देते" म्हणत आत वळल्या.

"नको," मी म्हणालो. "राहू द्या ताट. घाई नाही."